वाकडी सोंड, बारीक मान

कापसाची दुसरी वेचणी उरकत आलेली, उन्हे कललेली, आणि येलदरीच्या धरणाच्या खालच्या अंगाला पूर्णेकाठच्या एका वावरात उकललेल्या बोंडांवर लाल ढेकणांच्या झुंडी बसलेल्या, अशा एका दिवशी त्या झुंडीपासून जेमतेम वीतभर अंतरावर, त्याच झाडाच्या त्याच फांदीवर, तितक्याच लाल आणि तितक्याच काळ्या रंगाचा एक किडा मी पाहिला, जो एकटा होता, निश्चल होता, आणि पुढचे दोन पाय किंचित उचलून कशाची तरी वाट पाहत उभा होता. वावराचे मालक वयाने माझ्याहून वडील. त्यांच्या हातात रॉकेल घातलेल्या पाण्याचा डबा होता, आणि मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी ती फांदी डब्यावर वाकवून झटकली, तेव्हा गर्दीबरोबर तो एकटाही पाण्यात पडला. "मामा, तेवढा एक राहू द्यायचा होता," मी म्हणालो. त्यांनी डब्यात वाकून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, ह्यो बी लालच हाय की. लाल तेवढं समदं ढेकूणच."

मामांच्या बोलण्यात वावगे काहीच नव्हते. ज्याने आयुष्यभर रंगावरून रोग ओळखला, पानाच्या छटेवरून जमिनीची भूक ओळखली, त्याने रंगावरूनच किड्याचा निवाडा केला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? आणि तरीही त्या डब्यात दोन परस्परविरुद्ध पक्ष एकाच शिक्षेस पात्र ठरले होते. झुंडीने बसणारा लाल ढेकूण बोंडात सोंड खुपसून सरकीचा रस शोषतो आणि रुई डागाळून टाकतो. एकटा उभा असलेला तो दुसरा किडा झाडाचा एक थेंबही रस घेत नाही, तो बोंड पोखरणाऱ्या अळ्यांवर जगतो. या दोघांतील भेद रंगात नाही, आकारमानातही फारसा नाही. तो सोंडेच्या वळणात आणि मानेच्या बारीकपणात आहे. हा भेद मराठीत, चित्रांसह, शेतात बसून वाचता येईल अशा रीतीने कोणीतरी मांडून ठेवावा ही इच्छा त्या संध्याकाळी मनात आली आणि तिचेच फळ म्हणजे प्रस्तुत पुस्तिका.

पुस्तिकेचा विषय असलेल्या कुळाला शास्त्रीय परिभाषेत रेड्युव्हिडी म्हणतात. हेमिप्टेरा, म्हणजे अर्धपंखी, या गणातील हे एक विस्तीर्ण कुळ असून जगात त्याच्या सुमारे ७,००० जाती वर्णिल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुसंख्य उष्ण कटिबंधातील आहेत, आणि थंड मुलखाकडे जावे तसतशी त्यांची संख्या व विविधता झपाट्याने ओसरत जाते. इंग्रजी नावावरून मराठीत त्यांना 'मारेकरी ढेकूण' असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हे नाव मी या पुस्तिकेत ठेवले आहे, परंतु मनाविरुद्ध ठेवले आहे, आणि त्याचे कारण सांगणे मला अगत्याचे वाटते.

'ढेकूण' या शब्दाचा उच्चार होताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बाजेच्या सांध्यात दडलेला, रात्री अंगावर येणारा, चिरडल्यावर घाण सुटणारा प्राणी उभा राहतो. शास्त्राच्या दृष्टीने ते नाते खोटे नाही. बाजेतला ढेकूण आणि रानातला हा शिकारी एकाच उपगणाचे वंशज आहेत, आणि दोघांनाही टोचून शोषणारे तोंड मिळालेले आहे. पण एका भाऊबंदाच्या दुष्कीर्तीने साऱ्या गोतावळ्याची अब्रू जावी तसा प्रकार येथे झाला आहे. 'मारेकरी' हा दुसरा शब्द तर अधिक अन्यायकारक. मारेकरी म्हणजे दुसऱ्याच्या सुपारीवरून जीव घेणारा; भुकेपोटी जनावर मारणाऱ्या वाघाला कोणी मारेकरी म्हणत नाही. काही कृषिपत्रकांत 'परभक्षी ढेकूण' किंवा नुसते 'रेड्युव्हिड ढेकूण' असेही शब्द येतात. परंतु रूढ झालेले नाव बदलण्याचा अधिकार एका निवृत्त शिक्षकाला नाही, आणि नवे नाव पाडल्याने ओळख वाढण्याऐवजी घोटाळाच वाढण्याचा संभव अधिक. म्हणून रूढीला मान देऊन पुढे जातो.

येलदरी हे गाव परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरांतून उगम पावून गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णा नदीवर आहे. एके काळी निजामी अमलातील या मुलखाच्या दप्तरात एक लहानसे मौजे एवढीच त्याची ओळख असेल. १९६८ साली पुरे झालेल्या धरणाने ते नाव मराठवाडाभर नेले. सुमारे ५१ मीटर उंचीचा हा बांध, त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटच्या ३ संचांचे मिळून २२.५ मेगावॅटचे जलविद्युत् केंद्र, खाली काही अंतरावर सिद्धेश्वरचे दुसरे धरण आणि तेथून निघालेले कालवे, अशी ही सगळी पूर्णा प्रकल्पाची मांडणी आहे. एका बाजूला पाण्याचा अफाट विस्तार, दुसऱ्या बाजूला जिंतूरकडील पळस-बाभळीचे मुरमाड माळ, मध्ये काळ्या कसदार जमिनीतील कापूस, तूर, सोयाबीन व ज्वारी. आणि रात्री वस्तीतले दिवे. कीटकांचा अभ्यास करणाऱ्यास याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही, कारण माळावरचा, वावरातला आणि दिव्यावर येणारा असे तिन्ही तऱ्हांचे मारेकरी ढेकूण येथे तासाभराच्या पायपिटीत भेटू शकतात. ज्या लाव्हारसाच्या थरांपासून ही काळी जमीन झाली तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. हे कुळ मात्र त्याहूनही जुने, जुरासिक काळात उगम पावलेले असावे असा अनुवंशशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कापूस पेरणारा माणूस तर या दोघांच्या तुलनेत कालपरवाचा.

आता शरीराकडे वळतो, कारण या पुस्तिकेचा जीव तेथेच आहे.

डोके लांबट आणि अरुंद असते. दोन मोठे संयुक्त नेत्र बाजूंना फुगून आलेले असतात, त्यांच्यामागे डोक्यावर एक आडवी खाच असते, त्या खाचेमागे दोन लहान, मण्यांसारखे चकाकणारे साधे नेत्र असतात आणि त्याच्याही मागे डोके एकदम आवळून मानेसारखे होते. कीटकांत मान दिसणे ही तशी दुर्मीळ गोष्ट. बहुतेक ढेकणांचे डोके छातीत रुतवून बसवल्यासारखे दिसते. मारेकरी ढेकणाला मात्र ही मान असल्याने तो डोके वळवून, खाली घालून, उचलून पाहू शकतो, आणि त्याच्याकडे टक लावून बघणाऱ्या माणसाला तोही आपल्याकडे बघतो आहे असा स्पष्ट भास होतो. मामांच्या झाडावरील लाल ढेकणाला मान नव्हती, आणि साधे नेत्रही नव्हते. नेत्र पाहण्यास भिंग लागते. मान मात्र हातभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. शृंगिका, ज्यांना आपण मिशा म्हणतो, त्या चार पेऱ्यांच्या, दोऱ्यासारख्या बारीक व कोपरात वाकाव्यात तशा वाकलेल्या असतात. काही उपकुळांत पुढच्या पेऱ्यांचेही पुन्हा तुकडे पडून त्यांची संख्या वाढते.

सोंडेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. झाडाचा रस शोषणाऱ्या ढेकणाची सोंड साधारणतः चार पेऱ्यांची, सडसडीत, सरळ असते व काम नसेल तेव्हा ती पोटाच्या बाजूने पायांच्या मधून सपाट चिकटवून ठेवलेली असते. मारेकरी ढेकणाची सोंड तीन पेऱ्यांची, आखूड, जाड आणि विळ्यासारखी वाकलेली असते. डोक्याच्या खालच्या बाजूस न चिकटता ती कमानीसारखी बाहेर येते आणि तिचे टोक पुढच्या पायांच्या मधोमध, छातीवरील एका खोबणीत जाऊन बसते. किड्याला बाजूने पाहिले की डोके आणि सोंड यांच्यामध्ये एक पोकळी दिसते, जणू हाताचा अंगठा आणि तर्जनी किंचित वाकवून समोरासमोर धरावीत. ही पोकळी दिसली की किडा शिकारी समजावा. या नियमाला अपवाद आहेत, त्यांतला सर्वांत महत्त्वाचा अपवाद पुढे येईलच, पण वावरातल्या दैनंदिन व्यवहाराला हा नियम पुरतो.

त्या खोबणीचाही स्वतंत्र इतिहास आहे. भिंगाखाली पाहिल्यास तिच्या तळाशी कानशीवर असतात तशा अत्यंत बारीक आडव्या रेघा दिसतात. किड्याला बोटांत धरले की तो सोंडेचे टोक या रेघांवरून पुढे-मागे घासतो आणि त्यातून एक क्षीण, किरकिरता आवाज निघतो. हा आवाज प्रथम ऐकण्यासाठी मी एकदा किडा चिमटीत धरून कानाशी नेला. आवाज आला, कोरड्या पानावर वाळूचे कण घरंगळावेत इतका बारीक, पण तेवढ्यात चिमटी सैल झाली आणि जी वेदना करंगळीच्या पेऱ्यात उतरली ती गांधीलमाशीच्या नांगीहून कमी नव्हती. हात दुपारपर्यंत ठणकत राहिला. म्हणून या पुस्तिकेच्या प्रत्येक वाचकास, आणि विशेषतः शाळकरी मुलांस, माझी कळकळीची विनंती आहे की किडा हातात धरू नये. त्याला रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यावे. तो आपण होऊन माणसाच्या अंगावर धावून येत नाही. दाबला, चिमटला, कपड्यात सापडला तरच दंश करतो.

सोंडेच्या म्यानात चार सुया असतात. बाहेरच्या दोन, ज्यांच्या टोकांना काटेरी दाते असतात, त्या भक्ष्याच्या कातडीत रुतून बसतात. आतल्या दोन एकमेकींना जुळून त्यांच्यामध्ये दोन नळ्या तयार होतात, एकीतून लाळ आत जाते आणि दुसरीतून अन्न बाहेर येते. लाळ म्हणजे विषच. ते भक्ष्याला लुळे करते आणि आतल्या ऊती विरघळवून त्यांचा रस बनवते; मग तो रस शोषला की अळीची रिकामी पिशवी तेवढी मागे राहते. ऑस्ट्रेलियातील एका जातीवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की हा किडा एकाच ग्रंथीच्या दोन वेगळ्या कप्प्यांत दोन वेगळी विषे बाळगतो, एक भक्ष्य मारून पचवण्यासाठी आणि दुसरे शत्रूला हुसकावण्यासाठी. माझ्या करंगळीच्या वाट्याला यांतले दुसरे आले असावे. पूर्व आफ्रिकेतील प्लॅटिमेरिस वंशातील एका मोठ्या जातीची मजल तर याच्याही पुढे गेली आहे. ती आपली लाळ शत्रूच्या डोळ्यांच्या दिशेने फूटभर अंतरापर्यंत फवारते.

पुढचे पाय शिकार धरण्यासाठी बनलेले असतात. मांड्या जाड, आणि अनेक उपकुळांत नडगीच्या टोकाशी एक मखमली गादी असते. ही गादी हजारो सूक्ष्म केसांची असून तिच्यावर तेलकट ओल असते, त्यामुळे गुळगुळीत, कडक पाठीचा भुंगासुद्धा तिच्यातून निसटू शकत नाही. पंखांचा मागचा अर्धा भाग पातळ पडद्याचा आणि पुढचा चामड्यासारखा चिवट, हे सर्व ढेकणांचे लक्षण येथेही आहेच. या कुळात पडद्यावर दोन मोठ्या कोठड्यांची नक्षी उमटलेली असते. पोट बाजूंनी पसरट होऊन पंखांच्या बाहेर डोकावते, आणि त्या डोकावणाऱ्या काठावर लाल-काळे, पिवळे-काळे पट्टे असतात. ऱ्हायनोकोरिस मार्जिनेटस, म्हणजे मामांच्या डब्यात पडलेला तो पाऊण इंची किडा, याच्या काठाचा रंग सर्वत्र सारखा नसतो. एकाच जातीत काठ काळा असलेले, लाल असलेले आणि दोन्ही रंगांचे मिश्रण असलेले असे तीन प्रकार आढळतात. केवळ रंगावर विसंबणाऱ्याची फसगत होते ती अशी.

शिकारीचे एक दृश्य येथे नोंदवतो, कारण अवयवांची यादी कितीही लांब केली तरी ते अवयव चालताना पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ लागत नाही. पौष महिन्यातील सकाळ होती, तुरीच्या शेंगांवर दव होते. घाटेअळी एका शेंगेत अर्धे अंग घालून खात होती आणि तिच्या मागे दोन बोटे अंतरावर ऱ्हायनोकोरिस उभा होता. दहा मिनिटे तो हललाच नाही. फक्त शृंगिका आळीपाळीने वर-खाली होत होत्या. मग एक पाऊल, मग पुन्हा थांबणे. अळी शेंगेतून मागे सरली तेव्हा सोंड खोबणीतून सुटली, सरळ पुढे आली, पुढच्या पायांनी अळीची पाठ दाबली आणि सोंडेचे टोक दोन वलयांच्या मधल्या मऊ जागी उतरले. अळीने दोन-तीन हिसडे दिले, तोंडातून हिरवा थेंब टाकला, आणि शांत झाली. त्यानंतर किड्याने तिला फांदीच्या आडोशाला ओढत नेले आणि उन्हे चढेपर्यंत, मधूनमधून सोंड काढून नव्या जागी खुपसत, तिचा रस घेतला. मी उठलो तेव्हा ती अळी कोमेजलेल्या दोडक्याच्या सालीसारखी दिसत होती.

या एका साच्यातून निसर्गाने किती निराळी रूपे घडवली आहेत हे पाहिले की मन थक्क होते. ऱ्हायनोकोरिस ज्या उपकुळाचा, त्या हार्पॅक्टोरिनीतील किडे झाडांवर दिवसाढवळ्या हिंडणारे. याच उपकुळातील सायकॅनसची मान तर बगळ्याची आठवण करून देण्याइतकी लांब. दगडाखाली आणि पालापाचोळ्यात राहणाऱ्या पायरेटिनी उपकुळात छातीच्या वरच्या पाटीचा पुढचा भाग मोठा व मागचा लहान असतो, म्हणजे हार्पॅक्टोरिनीच्या नेमका उलट, आणि पुढच्या नडग्यांवरील मखमली गादी फार मोठी असते. एमेसिनी हे डासांसारखे काटकुळे, धाग्यासारख्या पायांचे. त्यांचे पुढचे पाय प्रार्थनाकीटकाच्या पायांसारखे दुमडलेले असतात, आणि त्यांतील काही कोळ्याच्याच जाळ्यावर जाऊन, तंतू छेडून, कोळ्याला जवळ बोलावून खातात. स्टेनोपोडाइनी मळकट, वाळल्या काडीच्या रंगाचे. ते रात्री दिव्यावर येतात आणि भिंतीला चिकटून राहिले की शेजारी हात ठेवला तरी लक्षात येत नाहीत. जावा बेटावरील टिलोसेरस या केसाळ किड्याच्या पोटाखाली एक केसांचा झुबका असतो. त्यातून पाझरणारा रस मुंग्या चाटतात, चाटता चाटता लुळ्या पडतात आणि मग त्या खाल्ल्या जातात, असे वर्णन १९११ सालीच प्रसिद्ध झाले आहे.

आमच्या भागातील शेतकऱ्यास यांपैकी एक उपकूळ विशेष जवळचे वाटावे. पावसाळ्याच्या आरंभी सोयाबीन दोन पानांवर येते न येते तोच वाणी, ज्याला कोठे पैसाही म्हणतात, कारण बोट लावताच तो नाण्यासारखी गुंडाळी करतो, तो जमिनीतून वर येऊन कोवळी रोपे कुरतडतो. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात या प्राण्याचा उपद्रव इतका वाढला आहे की त्याच्या बंदोबस्ताचा सल्ला हंगामी पत्रकांत नेमाने छापला जातो. वाणीच्या अंगातून बोटे पिवळी-तपकिरी करणारा उग्र रस सुटतो आणि त्यामुळे पक्षीदेखील त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. परंतु एक्ट्रिकोडिइनी या उपकुळातील मारेकरी ढेकूण जवळजवळ वाणी आणि त्याचे सगोत्र यांवरच जगतात. हे किडे गाठ्याळ, चकचकीत, निळसर काळे किंवा लाल असतात, त्यांच्या छातीमागील त्रिकोणी ढालीला टोकाशी दोन काटे फुटलेले असतात, आणि अनेक जातींतील माद्यांचे पंख खुरटलेले असतात. त्यांची पिल्ले कधी कधी एकाच वाण्याभोवती टोळीने बसून, घरातल्या मुलांनी एका ताटात जेवावे तशी, मिळून खातात. एवढ्या उग्र रसाची पर्वा न करता त्याच भक्ष्यावर आयुष्य काढणाऱ्या या किड्यांकडे आमच्या शेतीशास्त्राने अधिक लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते.

पिल्लांचा विषय निघालाच आहे तर अकँथॅस्पिसची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मारेकरी ढेकणाला कोषावस्था नसते. झाकण असलेल्या, सुरईसारख्या अंड्यातून निघालेले पिल्लू मोठ्यांचीच लहान, बिनपंखी आवृत्ती असते आणि पाच वेळा कात टाकून प्रौढ होते. अकँथॅस्पिसच्या पिल्लाच्या अंगावर चिकट केस असतात. त्यांवर ते मागच्या पायांनी माती व धूळ भरते आणि मारलेल्या मुंग्यांची कलेवरे पाठीवर रचते. जुन्या दगडी भिंतीच्या पायथ्याशी मी असे एक ओझे चालताना पाहिले. जवळ जाऊन मोजले तर त्यात अकरा मुंग्या होत्या, आणि त्या ओझ्याखालून दोन शृंगिका तेवढ्या बाहेर डोकावत होत्या. काडीने ओझे उचलले तेव्हा खालचे पिल्लू निघाले गव्हाच्या दाण्याएवढे. ते थबकले, दोन पावले मागे सरले आणि लगेच मागच्या पायांनी धूळ ओढू लागले. त्याला उघडे करण्याचा मला काहीच अधिकार नव्हता, असे वाटून मी ती काडी टाकून दिली.

सोंडेच्या नियमाला जो मोठा अपवाद म्हटला तो ट्रायाटोमिनी या उपकुळाचा. यांची सोंड तीन पेऱ्यांचीच, पण बारीक व सरळ असते, कारण ती अळीचे अंग फोडण्यासाठी नसून प्राण्यांचे रक्त पिण्यासाठी आहे. ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रांतात रेल्वेच्या कामावरील मजुरांत हिवतापाचा बंदोबस्त करण्यास गेलेल्या कार्लोस चागास यांनी १९०९ साली याच उपकुळातील किड्यांमार्फत पसरणाऱ्या, आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा शोध लावला. तेथील लोक या किड्याला 'न्हावी' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाने संबोधतात, कारण तो झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दंश करतो. चार्ल्स डार्विन यांनाही १८३५ च्या मार्च महिन्यात अर्जेंटिनातील मेंडोझाजवळ या वर्गातील किड्याने छळले होते. वाचकाने यावरून भयभीत होऊ नये. चागासचा रोग भारतात स्थानिक नाही. तो मूळचा अमेरिका खंडाचा. भारतात उंदरांच्या आश्रयाने राहणारी ट्रायाटोमा रुब्रोफॅसिआटा ही जात, जिचे वर्णन द गीर यांनी १७७३ साली केले, ती गलबतांतून फिरत उष्ण कटिबंधातील बंदरोबंदरी पोचली आहे. दुसरा लिंश्कोस्टिअस हा वंश तर फक्त भारतातच आढळतो, आणि त्याच्या छातीवर ती कानशीसारखी खोबणीच नसते. एका अवयवाचा अभाव हीच ज्याची ओळख, असा हा वंश.

भारतातील या किड्यांचा अभ्यास अडीचशे वर्षांहून जुना नाही, आणि त्याचा आरंभ परकीयांच्या हातून झाला. डॅनिश अमलातील तरंगमबाडी येथून कोनिग प्रभृतींनी धाडलेले कीटक युरोपात फॅब्रिशियस यांच्या हाती पडले आणि आपल्या कापसावरील ऱ्हायनोकोरिसच्या जातींना अठराव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रीय नावे मिळाली. त्यानंतर विल्यम ल्यूकस डिस्टंट यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेच्या १९०४ सालच्या खंडात या कुळाची तपशीलवार नोंद केली. पण किडा टाचणीवर असताना जे कळते त्याहून तो जिवंत असताना फार अधिक कळते, आणि ते काम स्वतंत्र भारतात तमिळनाडूतील पाळयंकोट्टै येथे डन्स्टन अँब्रोज यांनी केले. त्यांनी १९९९ साली या कुळावर ग्रंथ लिहिला आणि २००६ साली भारतीय जातींची सूची सिद्ध केली. तीत १४ उपकुळे, १४४ वंश व ४६४ जाती आहेत. तांदळावरील पतंगाच्या अळ्या चारून ऱ्हायनोकोरिस प्रयोगशाळेत वाढवता येतो आणि शेतात सोडता येतो हेही दक्षिणेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. कापूस आणि तूर या दोन्ही पिकांचा हा जिल्हा. तेव्हा हे काम पूर्णेच्या काठीही रुजावे ही माझी अपेक्षा अवास्तव ठरू नये. मात्र वाढवून सोडण्याच्या आधी, जे आपोआप आलेले आहेत ते तरी मारले जाऊ नयेत. अंदाधुंद फवारणीत अळीबरोबर तिचा शिकारीही मरतो. अळीची पैदास लवकर होते आणि शिकाऱ्याची उशिरा, म्हणून पुढच्या पिढीत अळी एकटीच उरते.

पुस्तिकेच्या रचनेविषयी दोन शब्द. चित्रे मी शाईने काढली आहेत आणि प्रत्येक चित्राशेजारी किड्याची खरी लांबी दाखवणारी रेघ दिली आहे. सोंड प्रत्येक वेळी बाजूने, मिटलेली आणि उघडलेली, अशी दोनदा काढली आहे. लॅटिन नावे देवनागरीत लिहिताना उच्चाराची ओढाताण झाली आहे, ती विद्वानांनी क्षम्य मानावी. एखाद्या जातीची खात्री न पटल्यास तिचे वंशनाम देऊन मी थांबलो आहे. चित्र पुरे होताच प्रत्येक किडा ज्या झाडावरून किंवा दगडाखालून आणला तेथेच परत नेऊन सोडला. पहिल्या पानावरचा ऱ्हायनोकोरिस एवढाच त्याला अपवाद आहे. तो मी मामांच्या डब्यातून काडीने बाहेर काढला, उन्हात वाळवला आणि बुचाच्या पेटीत टाचणीवर लावला. रॉकेलाने त्याच्या लाल रंगाची झळाळी थोडी उतरली आहे. सोंड मात्र छातीखालच्या खोबणीत नीट मिटलेली आहे.